उभं भात

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या घरात कुणी धड बसत नाही. मी चहाचं आधण ठेवते आणि दारात येऊन उभी राहते, आत पाणी आटून जातं. आमचे हे डेअरीवर दूध घालून येतात, रिकामी किटली ओसरीवर ठेवतात आणि चपलाही न काढता मागच्या पावली बांधावर जातात. नुसते बघत उभे राहतात. आमच्या एकट्याच्या शेताकडे नाही, सगळ्यांच्या. आमच्या कडाव गावात यांना नावाने कुणी हाक मारत नाही, फौजी म्हणतात. फौज सोडून इतकी वर्षं झाली, त्यानंतर खोपोलीकडच्या एका कारखान्यात गाडी चालवली, तिथूनही रिटायर झाले, तरी फौजीच. "फौजी, बसा की जरा," कुणी म्हटलं तर हे म्हणतात, "बसतो की," आणि चालू पडतात.

यंदाही तेच चाललंय. परतीचा पाऊस जाता जात नाही. सकाळी ऊन असं पडतं की डोकं उठतं, आणि दुपार झाली की माथेरानच्या अंगाने ढग येतात. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलंय, उशिराचं गरवं अजून हिरवट आहे. लोंब्या वाकल्यात. वास सुटलाय, सुकत आलेल्या चिखलाचा आणि भरल्या दाण्याचा. लोकांना या दिवसांत दिवाळीचा वास येतो म्हणे, उटण्याचा, तळणीचा. मला नाही येत. मला तो एक जुना हंगाम आठवतो, आणि आता वर्षभरापासून त्याच्या शेजारी गेल्या सालचा हंगाम येऊन बसलाय. एकाचं सांगायला जावं तर दुसरा मध्ये तोंड घालतो.

गेल्या साली याच दिवसांत मला फोन आला. मी तेव्हा नवं बांधत होते. दसऱ्याला आम्ही नवं बांधतो, म्हणजे भाताच्या ताज्या लोंब्या, आंब्याचं पान आणि झेंडूचं फूल, सगळं एका दोऱ्यात. दाराला, गोठ्याला, मोटारसायकलला, आणि यांच्या काळ्या ट्रंकेला. ट्रंकेला बांधायचं हे माझ्या सासूबाईंचं. नाव आणि नंबर पांढऱ्या रंगाने लिहिलेली ती लोखंडी ट्रंक यांनी एका रजेत घरी आणून ठेवली होती. "पोरगा नाय घरात, पन त्याची पेटी तरी हाय," म्हणून त्या तिलाच नवं बांधायच्या, वर हळदकुंकू लावायच्या. सासूबाई गेल्या, यांची नोकरी संपून हे कायमचे घरी आले, तरी ट्रंकेचं नवं काही सुटलं नाही.

तर फोन. युद्धावरच्या आणि सैनिकी जीवनावरच्या कादंबऱ्यांना एक पुरस्कार दिला जातो. एका दिवंगत फौजी अधिकाऱ्याच्या घरच्यांनी त्यांच्या आठवणीसाठी ठेवलाय. माझी कादंबरी प्रकाशकांनी तिकडे पाठवून दिली होती. शाळेतून रिटायर झाल्यावर मी लिहिलेली ती पहिली आणि आतापर्यंत तरी शेवटची कादंबरी. "बाई, अभिनंदन! पुरस्कार तुम्हाला," पलीकडचे गृहस्थ म्हणाले आणि जरा घुटमळले. "एक विचारू? परीक्षकांत थोडी वादावादी झाली. एकांचं म्हणणं, सगळं चांगलं आहे, पण यात युद्ध कुठे आहे?"

"नाहीच आहे," मी म्हटलं. "जीप आहे."

ते खो खो हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहेत.

आता त्या जीपचं सांगते. तो जुना हंगाम म्हणजे हे फौजेत ड्रायव्हर होते तेव्हाचा. वर सरहद्दीकडे कुठेतरी होते, नेमकं कुठे ते आम्हाला कळायचं नाही. भाताच्या मुलखातली माणसं फौजेत गेली की रजा दिवाळीसाठी मागत नाहीत, कापणीसाठी मागतात. यांचं पत्र आलं होतं, कापणीला येतो, मी आल्याशिवाय शेताला हात लावू नका. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. बातम्यांत वर काही तरी पेटलंय असं रोज सांगायचे आणि पुढे लगेच साबणाची जाहिरात लागायची.

फोन यायचा तो नाक्यावर, रफिकभाईंच्या किराणा दुकानात. रविवारी शाळेला सुट्टी. मी सकाळपासून त्यांच्या दुकानात गुळाच्या ढेपांशेजारी स्टुलावर बसायची. रफिकभाई कुणाला फोन लावू द्यायचे नाहीत. "लाइन मोकळी ठेवा रे, फौजीचा फोन यायचाय." आणि मध्येच स्वतः रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावायचे. "ऐका बाई. चालू हाय ना? आपल्याकडून काय कमी नाय." तो नुसता घूं आवाज मी ऐकायची आणि मान हलवायची. चांगुलपणानेसुद्धा माणूस किती वैतागतो ते मला तेव्हा कळलं.

भात काही थांबत नाही. पिकलं की कापावंच लागतं, नाहीतर दाणे शेतात गळतात. दोन पाऊस पडले आणि मोठ्या शेतातलं अर्धं भात आडवं झालं. सासूबाई म्हणाल्या, "आता बास. विळा घे." कापताना ज्याने त्याने आपल्यापुढचा पट्टा धरायचा असतो, त्याला पात म्हणतात. सासूबाईंची पात पुढे, माझी मागे. मी दहिवलीची, माझ्या माहेरी शेत नावालाच, माझा हात कच्चा. पानांच्या कडांनी कोपरापर्यंत हात खाजायचे. पायाखाली चिखल वरून वाळलेला आणि आतून गार. खेकड्यांची बिळं, पांढरे बगळे, भाताच्या शेंड्यांवर दवाने भिजलेली कोळ्यांची जाळी. कर्जत स्टेशनात गाडीला मागून घाटाची इंजिनं लावतात, ती ओढायला लागली की वारा असेल तसा त्यांचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. एरवी मला तो आवडायचा. त्या दिवसांत मी प्रत्येक आवाजावर चिडायची.

आणि एका दुपारी रस्त्याने हिरवी जीप आली.

आधी मला ती दिसली नाही, सासूबाईंचा विळा थांबलेला ऐकू आला. मी मान वर केली. जीप आमच्या बांधापाशी हळू झाली आणि थांबली. एक माणूस उतरला. त्याच्या अंगावर खाकी कपडे. आमच्याकडे अशी गाडी कशाला येते हे फौजीच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

मी मान खाली घातली आणि कापायला लागले. अगदी खरं सांगते, मी देवाचं नाव घेतलं नाही. माझ्या मनात एकच, ही पात संपेपर्यंत मला कुणी काही सांगायचं नाही. "ओ बाई!" तो माणूस ओरडला. मी वर न बघता म्हटलं, "पात संपू दे." तो बिचारा थांबला. त्या एका पातीत हे मेले. माझ्यापुरते मेलेच. मी मूठ धरत होते, कापत होते, ठेवत होते, आणि त्याच वेळी बांगड्या याच विळ्याने फोडाव्या लागतील का, पुढच्या सालची लावणी कोण करेल, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. रडू नव्हतं. राग होता. हात लावू नका म्हणून लिहिणाऱ्या माणसाचा भयंकर राग आला होता मला.

पात संपली. मी कंबर सरळ केली, विळा हातात तसाच. "बोला," मी म्हटलं.

"वरच्या वाडीकडं जायचा हाच रस्ता ना?" तो म्हणाला. वनखात्याची जीप होती.

सासूबाई मटकन बांधावर बसल्या आणि तोंडाला येतील त्या शिव्या त्याला द्यायला लागल्या. "मुडद्या, रस्ता ईचारायला आमीच गावलो काय रं तुला?" तो घाबरून गाडीत बसला. मी हसले. मग बाजूला जाऊन ओकले. मग पुढची पात धरली, दुसरं काय करणार होते!

फोन आला तो मळणी उरकल्यावर. रफिकभाईंचा भाऊ सायकल मारत शाळेत मला बोलवायला आला. मी धावत गेले, मागोमाग सासूबाईही आल्या. तो घूं आवाज, खरखर, आणि मग हे. "मी बरा हाय." आणि लगेच, "भात झालं काय?" मी म्हटलं झालं. "सगळं? मोठं शेतबी? उभं नाय ना कायच राह्यलं?" परत परत तेच. माझी ओकारी, माझे खाजून सोललेले हात, रविवारचं ते स्टूल, कशाची चौकशी नाही. भात, भात आणि भात. "झालं तुमचं भात!" मी ओरडले आणि रिसीव्हर सासूबाईंच्या हातात कोंबला. पुढे घरात त्याची थट्टाच होऊन बसली. हे माझ्या तब्येतीचं काही विचारायला लागले की मी म्हणायची, "आधी भाताचं विचारा."

हिवाळ्यात हे रजेवर आले तेव्हा शेतात नुसती धसकटं होती. त्यातून अनवाणी फिरले. वर काय झालं म्हणून मी विचारलं. "काय व्हायचंय?" म्हणाले. पुढेही कधी त्याच्यापलीकडे गेले नाहीत. फक्त एक खोड लागली. कापणीला घरी असले की आपलं शेत उरकायचं आणि विळा घेऊन गावभर हिंडायचं. कुणाचं माणूस आजारी, कुणाची पोरं मुंबईला, कुणाला मजूर मिळत नाहीत, भात उभंच आहे, की हे आत शिरलेच. मजुरी नाही, जेवण नाही, बोलणं नाही. लोक हसायचे. मीसुद्धा भांडले कितीदा. आपल्या घरातली कामं पडलीत आणि चालले लोकांच्या शेतात!

कादंबरीत मी जीप फौजेचीच ठेवली. तिच्यातला माणूस रस्ता विचारत नाही. बायको पात संपवते, बातमी ऐकते आणि पुढची पात धरते, सगळं शेत कापून होईपर्यंत. मी त्या दुपारी जे जगले तेच लिहिलं, शेवटचं वाक्य तेवढं बदललं. यांना पुस्तक दिलं तर यांनी पुठ्ठा बघितला, वजन बघितलं आणि ट्रंकेवर ठेवून दिलं. "मला वाचून काय करायचंय?" मग नाक्यावर कुणीतरी सांगितलं, "फौजी, बाईनी तुमाला मारलं की वो पुस्तकात!" त्या दिवसापासून घर गप्प झालं. हे मुळातच कमी बोलतात, पण आमटीत मीठ नाही हे तरी सांगायचे. तेही बंद. मला लिहिल्याचा पश्चात्ताप झाला नाही, उगाच कशाला खोटं बोलू? पण भीती वाटली. इतक्या वर्षांत या माणसाने जे दार मला उघडून दिलं नाही, ते मी बाहेरूनच खिळे ठोकून बंद केलं की काय, या विचाराने मी सैरभैर होऊन घरभर फिरायची. पुरस्काराची बातमी मी यांना सांगितली तेव्हा हे गाईला पाणी दाखवत होते. "बरं झालं," म्हणाले. गाईकडे बघून.

त्यात तो फ्लेक्स. आमच्या आळीतल्या मंडळाच्या पोरांनी हौसेने नाक्यावर लावला. पोरांनी कर्जतला फ्लेक्सवाल्याला माझा फोटो, यांचा वर्दीतला फोटो आणि पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूर मोबाइलवर पाठवून दिला. त्याने तो मजकूर वाचला, शहीद जवान वगैरे, आणि आपल्या मनाने काम केलं. माझ्या नावामागे वीरपत्नी, आणि सौभाग्यवतीचा सौ. पण तसाच ठेवलेला. वर गोलात हे, शेजारी तेवती ज्योत. पोरांनी न वाचताच बांधला. सकाळी हे दुधाची किटली घेऊन त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. रफिकभाई आता म्हातारे झालेत, तेच धावत आले. "फौजी, मनाला लावून घेऊ नका. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं."

हे वर बघत होते. "फोटू चांगला आलाय," म्हणाले, आणि पोरांना तो उतरवायला लावला. घडी करून घरी आणला. दुपारी अचानक पाऊस आला, खळ्यात रचलेली भाताच्या भाऱ्यांची उडवी उघडी पडलेली, ताडपत्री अपुरी. यांनी तोच फ्लेक्स वर टाकला आणि चारी बाजूंनी दगड ठेवले. मी पडवीतून बघत होते. उडवीवर मी एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला, मध्ये ज्योत, आणि वरून पाणी पडतंय. मला हसू पण आलं आणि रडू पण आलं. यांना काय आलं कोण जाणे.

समारंभ खोपोलीला होता. "याल ना?" मी विचारलं. "भात पडलंय कापून," हे म्हणाले. मी एकटीने जायची तयारी केली. निघायच्या वेळी बघते तर हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मोटारसायकल पुसतायत. "बस," म्हणाले.

सभागृहात मी व्यासपीठावर, हे दुसऱ्या रांगेत भिंतीकडेला. निवेदिका गोड होती, तिने पुस्तकाच्या मागच्या पानावरचंच वाचून दाखवलं असणार. म्हणाली, "ज्यांच्या बलिदानातून ही कादंबरी जन्मली, त्या वीर जवानाला, बाईंच्या पतींना, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहू या."

मी उठले ते माइककडे जायलाच. आणि माझी नजर यांच्याकडे गेली. यांनी मान हलवली, नाही म्हणून. एवढीशी. मग हे उठले. सगळं सभागृह माना खाली घालून उभं, आणि त्यात हे एकटे सावधानमध्ये. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला, नजर समोर. म्हातारपणाचं पोक कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मी कधी बघितला नव्हता. सगळे खाली बसले तरी हे उभे होते. सगळ्यात शेवटी बसले.

नंतर चहाच्या वेळी अध्यक्षांनी यांना विचारलं, "आपण?" हे म्हणाले, "ड्रायव्हर. बाईंना घेऊन आलो."

परत येताना दिवस कलला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं, काही कापलेली, काही उभी. कर्जतच्या अलीकडे यांनी गाडी थांबवली. मला वाटलं पेट्रोल. हे खाली उतरून एका उभ्या भाताच्या कडेला जाऊन बसले. मी गेले, मानचिन्ह मांडीवर घेऊन शेजारी बसले.

"ते माज्यासाठी नव्हतो उभा," हे म्हणाले.

मी मध्ये बोलले असते तर हे थांबले असते.

"लखन म्हनून व्हता. छत्तीसगडचा. आमी एकाच तंबूत. त्याच्याकडंबी भातच. रोज रातच्याला भाताचंच बोलायचो, तुमच्याकडं कसं कापतात, आमच्याकडं कसं. दोघांचीबी रजा कापनीची, दोघांचीबी रद्द झाली. गोळीबिळी नाय काय. रस्ता खचला, त्याची गाडी खाली गेली. मी मागच्या गाडीत व्हतो." हे भाताचं एक पान तोडून बोटाला गुंडाळत होते. "पुस्तक वाचलं मी. दोनदा वाचलं. मला मारलंस त्याचा राग नाय गं. मी मेलो तरी तू भात कापलंसच की. सगळं कापलंस." 

बगळे चालले होते डोंगराकडे.

"त्याच्या घरी म्हातारा एकटा. भात उभं व्हतं, त्यानंच सांगितलेलं. त्या साली त्याचं भात कोनी कापलं असंल?"

मला फोनवरचा तो आवाज ऐकू आला. उभं नाय ना कायच राह्यलं? आणि मी रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात कोंबला होता. मी यांचा हात धरला. रस्त्यावर, लोकांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा. "मला नाही माहीत," मी म्हटलं. "मलाबी नाय," हे म्हणाले.

त्या गोष्टीला आता वर्ष झालं. परीक्षकांना पडलेला तो प्रश्न मला अजूनही अधूनमधून त्रास देतो, युद्ध कुठे आहे म्हणून. माझ्या पुस्तकात ते खरंच नव्हतं. ते आमच्या बांधावर उभं राहून लोकांची शेतं बघत होतं, आणि मी त्याच्याशी घरातल्या कामांवरून भांडत होते.

यंदा ट्रंकेला नवं बांधताना यांनी एक जास्तीचं मागून घेतलं आणि बांधावरच्या आंब्याला बांधलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही. फ्लेक्स अजून आहे, रंग उडालाय, पण पाऊस झेलतो. आमचं हळवं भात काल कापून झालं. हे लिहायला मी सकाळी बसले ते चार वेळा उठून झालंय. बाहेर विळा घासल्याचा आवाज येतोय. थांबला.

"अगं, येतेस काय?"

"आले. आज कुणाचं?"

"बघू. उभं दिसंल त्याचं."